लोकरवाली आणि डोंगरवाला

अडतीस वर्षांच्या संसारात झुराकानने नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. यात विशेष काही नाही. तेरेक-सू या डोंगराळ गावातल्या तिच्या वयाच्या कुठल्याच बाईने घेतलं नव्हतं. विशेष होतं ते नवऱ्याच्या नावात. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याकडे मरणाने वाकडी नजर करू नये यासाठी आईबापांनी त्याचं नाव ठेवलं ब्योरुबाय. ब्योरु म्हणजे लांडगा. ब्योरुबायच्या वडिलांचं नाव होतं कोयलुबाय, आणि कोय म्हणजे मेंढी. थोरला चुलता बाल्ता. बाल्ता म्हणजे कुऱ्हाड.

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नाही, आणि नावातला शब्दही जिभेवर येऊ द्यायचा नाही. त्यामुळे ज्या घरात दिवसभर मेंढ्या ओरडतात, हिवाळाभर लांडगे येतात आणि सकाळ-संध्याकाळ सरपण फुटतं, त्या घरात झुराकानने हे तीनच शब्द वगळून संसार केला. मेंढीला ती लोकरवाली म्हणे, लांडग्याला डोंगरवाला, आणि कुऱ्हाडीला तोडणी. तिच्या हातून दूध उतू गेलं असेल, एकदा तर उन्हाळी कुरणातला तंबूसुद्धा पेटला होता, पण जीभ घसरली नाही. बाळंतपणात बायका नवऱ्याला काय काय बोलतात. झुराकान दोन दिवस अडली होती, तरी तिने फक्त त्याच्या घोड्याला शिव्या दिल्या.

दोन वर्षांपूर्वी सायकाल सून म्हणून आली. नारीन शहरात चार वर्षं राहून इंग्रजीची मास्तरीण होण्याचं शिक्षण घेतलेली, उंच, शांत पोरगी. झुराकानला वाटलं, शिकलेली आहे, नाक मुरडेल. पण सायकालने पहिल्याच आठवड्यात तिन्ही शब्द टाकले ते टाकलेच. एकदा तिला दुकानात कुऱ्हाड आणायला पाठवलं. तिने दुकानदाराला सांगितलं, "तोडायचं ते द्या." त्याने पक्कड दिली. सायकाल पक्कड घेऊन घरी आली आणि आठ दिवस ब्योरुबायने शेजारची कुऱ्हाड मागून आणली. म्हातारा करवादला. झुराकान मात्र गावभर सांगत सुटली, "पक्कड आणली, पण नाव नाही घेतलं! आहे का अशी सून कुणाची?"

शेजारीण बातमा म्हणाली, "माझी सून कुऱ्हाड आणते."

"तेच म्हणते मी," झुराकान म्हणाली.

त्या उन्हाळ्यात पाऊस झाला नाही. गवताची कुरणं जुलैतच पिवळी पडली, आणि हिवाळ्यासाठी जी गंजी घराच्या छपराहून उंच व्हायची ती या वर्षी ब्योरुबायच्या टोपीएवढीच उरली. म्हणजे टोपी घालून तो गंजीमागे उभा राहिला, तर टोपीचं टोक दिसे. मार्च उजाडला तेव्हा टोपी पूर्ण दिसत होती. मेंढ्यांच्या फासळ्या बोटांनी मोजता येत. विण्याचे दिवस तोंडावर आले, आणि कासेत दूध नाही.

झुराकानचा मुलगा, म्हणजे सायकालचा नवरा तुरात, रशियात इमारतीच्या कामावर होता. त्याचा फोन आला. थंडीमुळे काम बंद पडलंय, पण ओळखीने सायकालसाठी जागा बघितलीय. मासे डब्यात भरायचा कारखाना. एप्रिलमध्ये यावं लागेल.

"चार वर्षं शिकली ती मासे भरायला?" झुराकानने फोन सायकालच्या हातातून ओढून घेत विचारलं.

"अपा, इथे नोकरी आहे का?" सायकाल म्हणाली. सासूला ती अपा, म्हणजे आई म्हणे.

नोकरी होती. गावच्या शाळेतला इंग्रजीचा म्हातारा मास्तर लेकीकडे शहरात निघून गेला होता. पण त्या जागेसाठी मुख्याध्यापकांची भाचीही उभी होती. ठरलं असं, की तालुक्याहून निरीक्षक येतील, दोघीजणी त्यांच्यासमोर आणि गावासमोर एकेक खुला पाठ घेतील, जिचा चांगला तिला जागा. विषय चिठ्ठीने निघाला: इंग्रजीतली नियमाबाहेरची अनेकवचनं. दिवस ठरला एकवीस दिवसांनी, म्हणजे नेमका मेंढ्या विण्याच्या ऐन भरात.

"जागा मिळाली तर मी इथे," सायकाल चहा ओतताना म्हणाली. "नाही मिळाली तर तिकडे."

झुराकानने चहाचा वाडगा तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. त्यात घोटभरच चहा होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्यांच्या वाड्यातून लेंडीच्या लाद्या काढायचं काम होतं. हिवाळाभर मेंढ्यांच्या पायांखाली दाबून दगड झालेली लेंडी फावड्याने चौकोनी कापायची, उचलायची, भिंतीशी रचायची. पुढल्या वर्षीचं जळण. झुराकान कापत होती, सायकाल उचलत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. वाड्याच्या दारावर आतून तिने एक कागद चिकटवला होता.

"काय गं, मंत्र म्हणतेस का? में... लोकरवाल्या दूध देतील अशाने?"

जीभ दातांत धरून तिने शब्द अर्ध्यातच गिळला होता. सायकालने ऐकलं नाही असं दाखवलं. सुनेचं हेही एक काम असतं.

"अनेकवचनं आहेत, अपा. इंग्रजीत एकाचे अनेक करायचे तर शब्दाच्या शेवटी स लावतात. पण काही शब्द तो लावून घेत नाहीत."

"का नाही?"

"कारण पुस्तकात दिलेलं नाही. पाठच करायचे."

"कोण कोण आहेत ते?"

सायकालने लादी छातीशी धरून सांगितलं. मॅनचं मेन, म्हणजे पुरुष. वुमनचं विमेन, बाई. चाइल्डचं चिल्ड्रन, मूल. फुटचं फीट, पाय. टूथचं टीथ, दात. ऑक्सचं ऑक्सन, बैल. गूज, हंस. माउस, उंदीर. मग ती थोडी थबकली. "शीप. एक असो नाहीतर हजार, शीप ते शीपच. शीप म्हणजे... लोकरवाली. आणि वुल्फ. त्याला स लागतो, पण लागताना शेवट बदलतो. वुल्व्हज."

"वुल्फ म्हणजे कोण?"

"डोंगरवाला, अपा."

झुराकानने फावडं मारलं. लादी सुटली. तिने पुन्हा मारलं.  संध्याकाळी ब्योरुबाय बूट काढून चुलीशी बसला, तेव्हा तिने जाहीर केलं, "ते घरातले शब्द आहेत."

"कोण घरातलं?" ब्योरुबाय दचकला.

"बाई, पुरुष, मूल, पाय, दात, बैल, उंदीर. बघा ना अहो. मोटारीला स लागतो का गं?"

"लागतो, अपा."

"फोनला?"

"लागतो."

"निरीक्षकाला?"

"त्यालाही लागतो."

"हं! बाहेरून आलेले सगळे मुकाट्याने नियम पाळतात. जे चुलीजवळचे, जुने, मूळ घराण्यातले, ते आपली रीत सोडत नाहीत. कुणी सांगू दे. इंग्रज माणूस वाटला होता त्याहून बरा निघाला."

सायकाल तिच्याकडे बघतच राहिली. चार वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने उठून कागद आणला आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून घेतलं. सासूचं बोलणं सून लिहून घेते आहे, हे झुराकानने तिरक्या नजरेने पाहिलं, आणि मग विनाकारण चुलीतली राख दोनदा सारखी केली.

"आणि त्या डोंगरवाल्याला शेवटी स लागतोच म्हणालीस ना," ती राखेकडे बघत म्हणाली. "म्हणजे नियमापुढे वाकतो, पण तोंड बदलून."

"मग?" ब्योरुबाय म्हणाला.

"काही नाही. चहा घ्या."

*

त्या आठवड्यात मेंढ्या विऊ लागल्या. दिवसाला चार, पाच, कधी नऊ. कोकरू पडलं की गोणपाटाने चोळायचं, नाकातोंडातली बुळबुळ बोटाने काढायची, नाळेला आयोडिन, आणि आई घेत नसेल तर त्याच्या पाठीवर मीठ चोळून तिच्या तोंडापुढे धरायचं. मिठासाठी चाटता चाटता आईला माया फुटते. या दोन बायांचे हात कोपरापर्यंत रक्ताने, आयोडिनने आणि चिकाने माखलेले असत, आणि त्या हातांनीच सायकाल दारावरच्या कागदाची घडी सरळ करी. तीन दिवसांत कागदाचा रंग सांगता येईना.

एका दुपारी, बाहेर ओला बर्फ पडत होता तेव्हा, एक म्हातारी मेंढी अडली. पाठ कमानीसारखी करून कण्हत होती. झुराकानने बाही वर केली, हाताला तेल लावलं, भिंतीला खांदा टेकून गुडघ्यावर बसली आणि डोळे मिटले. आतलं बघायचं तर डोळे मिटावेच लागतात.

"नाक लागलं," ती म्हणाली. "एक पाय लागला."

"फुट," सायकालच्या तोंडून निघून गेलं. ती मेंढीचं डोकं धरून बसली होती.

"दुसरा मागे दुमडलाय. थांब... डोकं आत ढकलते." झुराकानच्या कपाळावर घाम आला. मेंढीने कळ दिली तशी तिची बोटं आत चेंगरली. तिने दात आवळले, पण हात काढला नाही. "गुडघा... खूर... आला! हा आला दुसरा!"

"फीट, अपा! फीट!"

"फीट!" झुराकान ओरडली आणि ओढलं. कोकरू तिच्या मांडीवर सांडलं, पिवळं, ओलं, निपचित. तिने मागचे पाय धरून ते एकदा, दोनदा हवेत झुलवलं. त्याने शिंक दिली.

दोघी भिंतीला टेकून बसल्या. दोघींच्या श्वासांची वाफ एकमेकींत मिसळत होती. झुराकानने आपली काळीनिळी झालेली बोटं उघडझाप करून बघितली. मग म्हाताऱ्या मेंढीचा ओठ वर करून दात पाहिले.

"टीथ," ती म्हणाली. "चारच राहिलेत. एक पडला की टूथ. नाही?"

"चारांचेही टीथच, अपा. एकच उरला तर टूथ."

"म्हणजे माझे अजून टीथ आहेत." आणि ती हसली, सगळे दाखवून.

मग तिने ती गोष्ट केली. मेंढीच्या पाठीवर थाप मारली, वाड्याच्या दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि मोठ्याने म्हणाली, "शाबास गं, शीप."

काहीच झालं नाही. छप्पर कोसळलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, "शीप." मग वाडाभर फिरत प्रत्येकीला म्हणाली. शीप, शीप, शीप. अडतीस वर्षं ज्यांचं दूध काढलं, लोकर कातरली, पोरं ओढून काढली, त्यांना आज पहिल्यांदा ती त्यांच्या नावाने हाक मारत होती. भाषा परकी होती, तेवढंच.

बातमा कुंपणावरून डोकावली. नातवाच्या इंग्रजी पुस्तकातला हा शब्द तिला ठाऊक होता. "हे गं काय? सासऱ्याचं नाव घेतेस?"

"सासरे कुठे इंग्रजी शिकले होते?" झुराकान म्हणाली.

*

पण बातमा कुंपणावर आली होती ती काहीतरी पेरायलाच.

"मुख्याध्यापकांच्या भाचीने पडदा आणलाय म्हणे," ती म्हणाली. "भिंतीवर चित्रं दिसतात. प्लास्टिकची जनावरं पण आणलीत. तुझ्या सुनेने काय आणलंय?"

"माझ्या सुनेला प्लास्टिकची कशाला? खरी आहेत."

"बरं. आणि एक सांग, निरीक्षकाने इंग्रजी शब्दाचा आपल्या बोलीत अर्थ विचारला, म्हणजे? तिथे लोकरवाली म्हणणार का ती? सगळं गाव असणार. सगळी शाळा हसेल." मग आवाज मऊ करून, "मासे भरायचं काम पण वाईट नसतं गं. हात तेवढे वास मारतात."

झुराकानने घमेल्यातलं पाणी फेकलं. बातमावर नाही, पण फार दूरही नाही.

हे सायकालच्याही मनात असणारच. त्या संध्याकाळी तिने सासूच्या पुढ्यात पाव मोडून ठेवला, दोन्ही हातांनी चहा दिला, आणि मान खाली घालून म्हणाली, "अपा, एक मागू का? पाठाच्या त्या एका तासापुरती... ते शब्द बोलायची मोकळीक द्याल? फक्त तेवढा तास."

मोकळीक देता येते. मोठ्यांनी तोंडाने म्हटलं की बंदी उठते. गावात कितीजणींची उठली होती. ब्योरुबाय खोलीतच होता. तो खाकरला. त्याचं मत काय ते तोंडावर दिसत होतं, पण घरातली रीत ही झुराकानची हद्द, आणि त्याला आपली हद्द माहीत होती.

झुराकानच्या डोळ्यांपुढे बातमाचं तोंड आलं. बंदी उठवली, म्हणजे हे तोंड उद्या गावभर फिरणार. पक्कड आणणारी सून शेवटी कुऱ्हाडच म्हणाली.

"अडतीस वर्षं मला कुणी तासाची सुट्टी दिली नाही," ती म्हणाली.

"बरं, अपा," सायकाल म्हणाली आणि वाडगा भरला. भरताना थेंबही सांडला नाही. झुराकानला वाटलं, सांडला असता तर बरं झालं असतं. रागवायला काहीतरी मिळालं असतं.

*

पाठाच्या दिवशी शाळेत उभं राहायला जागा नव्हती. तेरेक-सूमध्ये लग्न आणि मयत सोडून फुकटात बघण्यासारखं फारसं काही होत नाही. मोठ्या माणसांना पोरांच्या बाकांवर बसवलं होतं. ब्योरुबाय पांढरी टोपी घालून तिसऱ्या बाकावर असा अडकला होता, की त्याचे गुडघे कानांशी आले होते. झुराकान मागे भिंतीशी बसली. निळा मखमली कोट, नवा रुमाल, आणि बोटांवर अजून निळे डाग.

निरीक्षक पुढे टेबलाशी वही उघडून बसले. तालुक्याचे गृहस्थ, प्रत्येक वाक्याआधी घड्याळाकडे बघायची त्यांना सवय होती.

भाचीचा पाठ आधी झाला. पडदा चांगला होता. प्लास्टिकचा हंस, प्लास्टिकची मेंढी, दोन प्लास्टिकचे लांडगे. पोरं गप्प बसली, कारण जनावरांना हात लावायचा नाही असं सांगितलं होतं. निरीक्षकांनी "छान" लिहिलं.

मग सायकाल उठली. तिने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. बातमाच्या नातवाला उभं केलं, एक बूट काढायला लावला. फुट. दुसरा काढायला लावला. फीट. मोजे फाटके निघाले; वर्ग हसला, पोरगाही हसला, पण शब्द कुणी विसरणार नव्हतं. मग तिने पिशवीतून मेंढीचं वाळलेलं जबड्याचं हाड काढलं. धनगरांचीच पोरं ती. दात बघून वय सांगायला सगळी बाकांवर चढली. टूथ, टीथ, टीथ! मग ती म्हणाली, "हे शब्द नियम का पाळत नाहीत, ठाऊक आहे? कारण हे घरातले आहेत. चुलीजवळचे. माझ्या सासूबाईंनी हे मला शिकवलं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. झुराकानने समोर बघत राहायचा प्रयत्न केला, पण समोर तर सगळे तिच्याचकडे बघत होते.

निरीक्षकांनी घड्याळ बघितलं. "ठीक. आता अर्थ. मी शब्द देतो, तुम्ही आपल्या भाषेत सांगा. गूज?"

सायकालने सांगितलं.

"चाइल्ड? माउस?"

तिने सांगितलं.

"शीप?"

वर्ग थांबला. ज्यांना माहीत होतं ते सगळे थांबले, आणि निरीक्षक सोडून सगळ्यांना माहीत होतं. सायकालने एकदा मागे, निळ्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लोकरवाली."

"काय?"

"जिची लोकर काढतात ती, आगाय," गुरुजींना म्हणतात तसं ती अदबीने म्हणाली.

"बकरीचीही काढतात. नाव सांगा. बरं, वुल्फ?"

"डोंगरावर राहतो तो."

"डोंगरावर आम्हीही राहतो," निरीक्षक म्हणाले. पुढच्या बाकावर भाची हसली. मग मुख्याध्यापक हसले, मग तीनचार बाक. कोणी ओरडलं, "पक्कड सांगा!" आणि तेव्हा सगळे हसले.

सायकाल लाल झाली. हात पुढे बांधून ताठ उभी राहिली. ओठ घट्ट. मनात आणलं असतं तर एका शब्दात सुटली असती. कोय म्हणायला काय लागतं? निरीक्षकांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागले, लिहिताना अर्धवट मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. "उमेदवाराला... मूळ शब्दांचे... अर्थ..."

झुराकान पेनकडे बघत होती. वाड्याच्या दारावरचा तो डागाळलेला कागद तिला दिसला. मग एप्रिलमधला वाडा दिसला, दाराशी कुणी नाही. आणि तिच्या डोक्यात एक साधा विचार आला, जो एकवीस दिवसांत यायला हरकत नव्हती: सूनच घरात नसेल, तर घरात नाव घ्यायचं नाही ते कुणी?

"आगाय, ते खोडा," ती म्हणाली.

निरीक्षकांनी वर पाहिलं. "आपण कोण?"

"विद्यार्थिनी." झुराकान उठून उभी राहिली. "एकवीस दिवस झाले. फुट, फीट. एक हाताला लागला आणि दुसरा आत दुमडून राहिला, तर काय करायचं ते मला येतं, तुम्हाला येतं का? टूथ, टीथ. मॅन, मेन. चाइल्ड, चिल्ड्रन. ऑक्सला एन लागतो, का लागतो ते माझी सून सांगते, पुस्तक सांगत नाही. शीप एक असो की हजार, शीपच, कारण ती एकटी कधी राहतच नाही. हे मला हिने शिकवलं, लेंडी उचलता उचलता. हिला अर्थ येत नाही, असं लिहिताय? हिला येतो म्हणूनच ती बोलत नाही."

"म्हणजे?" निरीक्षकांनी या वेळी घड्याळ बघितलं नाही.

"शीप म्हणजे हिच्या नवऱ्याचा आजोबा. वुल्फ म्हणजे हिचा सासरा. तो बघा, बाकात अडकलाय."

आता वर्ग निराळं हसला. निरीक्षकांनी ब्योरुबायकडे पाहिलं, सायकालकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. त्यांच्याही घरी कुणी आई, कुणी आजी असणारच. पण पेन अजून हातातच होतं. "तरीही आजी, वहीत लिहायला मला शब्द लागेल. कुणीतरी तो म्हणायला हवा. वुल्फ?"

ब्योरुबायची मान ताठ झाली होती. मागून तिला फक्त त्याची टोपी दिसत होती. बातमा दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. झुराकानने कोटाचं वरचं बटण लावलं.  गुडघ्यांत तीच कळ आली, जी विणाऱ्या मेंढीशी बसल्यावर येते: हात आत आहे, आता मागे घ्यायचा नाही.

"ब्योरु," ती म्हणाली.

फार मोठ्याने नाही. पण वर्ग असा शांत होता, की वर्गातल्या शेगडीत कोळसा खचला तो ऐकू आला.

तिसऱ्या बाकावर खडखडाट झाला. ब्योरुबाय उठत होता. गुडघे सुटेनात म्हणून बाकासकटच उठला. तसाच अर्धवट वाकून, छातीशी टोपी धरून, लाल चेहऱ्याने, पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच शाळेत म्हणायचा तसा तो म्हणाला:

"हजर!"

हशा बाहेर मैदानावर बांधलेल्या घोड्यांपर्यंत गेला. मुख्याध्यापक हसले. भाचीही हसली, मनापासून. झुराकान हसली नाही. ती सायकालकडे बघत होती.

"बोल पोरी," ती म्हणाली. "घरचंच काम आहे. मोकळीक दिली."

सायकालने आधी सासऱ्याला आणि मग सासूला कमरेतून वाकून नमस्कार केला, सकाळी उंबऱ्यावर करते तसा. मग सरळ उभी राहून, स्वच्छ आवाजात, एकेक शब्द म्हणाली. कोय. ब्योरु. बाल्ता कुणी विचारला नव्हता, तोही म्हणाली. निरीक्षकांनी आधीची ओळ खोडली. दोनदा खोडली, आडवी आणि तिरपी.

*

संध्याकाळी सायकालने फोनवर तुरातला सांगितलं की तिच्यासाठी तिकीट काढू नये. मासे भरायला दुसरं कुणी बघावं. तुरातने काय विचारलं कोण जाणे, ती म्हणाली, "तुमच्या आईला विचारा. त्याच पास झाल्या."

बातमा कुंपणावर आली. तिला जे म्हणायचं होतं ते तिने तीन प्रकारे सुरू करून पाहिलं. शेवटी म्हणाली, "घेतलंस नाव, झुरा?"

"हजेरी होती," झुराकान म्हणाली. "शाळेत हजेरी घ्यावीच लागते." आणि मग, हे बोलायची काही गरज नव्हती तरीही, "माझी सून मास्तरीण आहे गं. उद्यापासून तुझ्या नातवालाही शिकवेल. त्याला म्हणावं, मोजे शिवून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. गंजी गुडघ्याएवढी राहिली होती, पण दरीच्या उताराने हिरवी छटा धरली होती. आणखी दहा दिवस ओढले की मेंढ्या बाहेर. सायकाल पुस्तकांची पिशवी घेऊन शाळेच्या वाटेला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत झुराकान वाड्याच्या दारात उभी राहिली, मग फावडं घेऊन लाद्या कापायला लागली.

ब्योरुबाय मागून आला. आला, उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"बायबिचे," त्याने हाक मारली. म्हणजे घरधनीण.

"हं."

"काल काय म्हणालीस ते... नीट ऐकू आलं नाही. मी पुढे बसलो होतो ना."

"पुढे बसलेल्यालाच आधी ऐकू येतं."

"एकदाच म्हण. इथे कोणी नाही."

झुराकानने कुंपणाकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, शाळेकडे गेलेल्या वाटेकडे पाहिलं. मग फावडं त्याच्या हातात दिलं.

"शाळा सुटली," ती म्हणाली, आणि शीपकडे गेली.